सेहेचाळीस ठोके

ऑल्डरफेन, लिंकनशर
शुक्रवार, १५ मार्च २०१९

लिनेट,

तुझी लग्नपत्रिका तीन आठवड्यांपूर्वीच मिळाली. घड्याळामागे उभी करून ठेवली आहे. फेकून दिलेली नाही, एवढं लक्षात घे. उत्तर आज लिहितोय, कारण आज डोकं इतकं तापलंय की कुणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही. आणि गावात ज्यांच्याशी बोलावं त्यांची डोकी माझ्याहून जास्त तापली आहेत.

काल पार्लमेंटात काय झालं ते तुला तिकडे समुद्रापलीकडे डॉर्डरेख्टला कळलंच असेल. चारशे बारा विरुद्ध दोनशे दोन. युरोपातून बाहेर पडायची तारीख पुढे ढकला, असं चारशे बारा शहाण्यांनी ठरवलं. अरे, लाज आहे का काही? दोन वर्षं आम्हाला एकच तारीख घोकायला लावली. एकोणतीस मार्च, एकोणतीस मार्च. आणि आता पंधरा दिवस उरले असताना म्हणे, जरा थांबा. एक कोटी चौऱ्याहत्तर लाख माणसं त्या दिवशी मतदानाला काय हवा खायला गेली होती?

सकाळी कीथच्या दुकानात गेलो. आपला खाटीक कीथ, तुला आठवत असेलच, अजूनही पाचव्या घंटेची दोरी तोच ओढतो. दुकानात सहा गिऱ्हाइकं आणि सहाही जण एकदम बोलत होते. कीथने सुरा ओट्यावर आपटला आणि मला म्हणाला, "नॉर्मन, समज मी गिऱ्हाइकाला सांगितलं की ख्रिसमसची टर्की चोवीस तारखेला देतो. आणि चोवीसला म्हणालो, थांबा हो, आधी घरात मतं घेतो. काय होईल माझं?"

"टर्की तोंडात कोंबतील तुझ्या."

"तोंडात? तू फारच सभ्य माणूस आहेस रे बाबा."

बुधवारी आपल्या लिंकनशरमधल्या बोस्टनच्या बाजारात टीव्हीवाले आले होते. लंडनचं कुणी तोंडावर माइक धरायला आलं की ओळखायचं, त्यांना इथे चार संतापलेली म्हातारी माणसं हवी आहेत. मी त्यांच्याशी सहा मिनिटं बोललो. व्यवस्थित, मुद्देसूद. रात्री दाखवली फक्त चार सेकंदं, त्यात मी "हद्द झाली" म्हणतो आणि मागे एक बाई कोबी निवडते आहे.

असो. तुझ्या लग्नाचं. १३ एप्रिलला मला येता येणार नाही. कारण सरळ आहे, त्यात रुसण्यासारखं काही नाही. माझा पासपोर्ट जुलैत संपतो. आपण करार न करता बाहेर पडलो तर पासपोर्टला पुढचे सहा महिने शिल्लक लागतील, असं सरकारने छापून कळवलंय. माझ्याकडे तीन आहेत. आता तुमच्या बंदरावरून मला परत पाठवलं तर शोभा कुणाची होणार?

२९ तारखेला संध्याकाळी आम्ही देवळाच्या सहाही घंटा वाजवणार होतो. अजूनही वाजवणार. तारीख ढकलली म्हणून मी माझा शब्द ढकलत नाही. तुझी दोरी आता दाइवा ओढते. लिथुआनियाची आहे, कोबीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये काम करते. ताल चुकत नाही, हे मान्य करायला हवं.

तुझ्या नवरदेवाला, जोस्टला, शुभेच्छा कळव.

नॉर्मन थ्रॉसेल


ऑल्डरफेन
शुक्रवार, २२ मार्च

लिनेट,

पोस्टकार्ड मिळालं. निदान पाकिटात घालायचंस. "बाबा, तारीख पुढे गेली, आता पासपोर्ट चालेल ना?" एवढंच लिहिलंस, आणि पोस्टातल्या बाईने ते माझ्याआधी वाचलं. कार्ड माझ्या हातात देताना विचारते, "मग, जाताय ना?" तिला काय करायचंय! मी म्हटलं, स्टॅम्प द्या चार.

तर ऐक. तुमच्या ब्रसेल्सवाल्यांनी काल रात्री आमच्यावर उपकार केले. इथल्यांनी करार मान्य केला नाही तर १२ एप्रिलपर्यंत मुदत. १२! तुझं लग्न १३ला. एका दिवसाने हुकलं. मी काय करणार? ब्रसेल्सला फोन करू, की साहेब, माझ्या मुलीचं लग्न आहे, एक दिवस वाढवून द्या?

बातमी ऐकून मी टेबलावर मूठ आपटली आणि त्याच वेळी पोटात कुठेतरी हायसंही वाटलं. हे वाक्य खोडायला हवं, पण कागद शेवटचाच आहे.

तू म्हणशील, नवा पासपोर्ट काढा, तीन आठवड्यांत मिळतो. मिळतो, माहीत आहे मला. पण त्या लाल पुठ्ठ्यावर आपल्या देशाच्या नावाच्याही वर 'युरोपियन युनियन' असं सोन्याने लिहिलेलं असतं. बाहेर पडल्यावर मिळणारा निळा पासपोर्ट हातात पडेपर्यंत मी या बेटाबाहेर पाऊल टाकणार नाही, असं मी 'क्राउन' गुत्त्यात भरल्या गर्दीत सगळ्यांसमोर बोलून बसलोय. आता शब्द फिरवला तर माझ्यात आणि त्या चारशे बारांत फरक काय राहिला?

फिलिपा उद्या लंडनला, युरोपातच राहा म्हणणाऱ्यांच्या मोर्चाला चालली आहे. तुझी मुख्याध्यापिका फिलिपा. निवृत्त झाली, पण माझ्याशी अजून तशीच बोलते, मी गृहपाठ न केल्यासारखं. तिसरी घंटा तिची. गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर तिने मला घोषणेचा फलक दाखवला. म्हटलं, 'लोकशाही' या शब्दाचा अर्थ तरी माहीत आहे का तुला? म्हणते, "मीच शिकवला होता तो तुझ्या मुलीला. म्हणून तर ती तिकडे आहे."

असलं बोलणं मी ऐकून घेतलं. देवळात होतो म्हणून.

तुला काही हवंय का तुझ्या आईचं? लग्नात घालायला? तिचा मोत्यांचा सर आहे. पोस्टाने पाठवता येईल, पण हल्ली पोस्टावरही भरवसा नाही. बघू.

नॉर्मन


ऑल्डरफेन
गुरुवार, २८ मार्च

लिनेट,

काल पार्लमेंटासमोर आठ पर्याय ठेवले होते. आठ! आठही नको म्हणाले. हे नको, तेही नको. आणि २९ तारीख कायद्यातून खोडायला मात्र चारशे एक्केचाळीस जण एका पायावर तयार. तळपायाची आग मस्तकात जाते नुसती. पोस्टात, दुकानात, बस थांब्यावर, जो भेटेल तो शिव्या घालतोय. बाहेर पडा म्हणणारे घालताहेत आणि राहा म्हणणारेही घालताहेत. आमचं पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालंय, ते असं.

इनिड म्हातारी, शेजारची, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिने नातवाला बोलावून त्या अर्जावर सही केली. बाहेर पडणंच रद्द करा, असा जो इंटरनेटवर पन्नास लाखांच्या वर गेलाय, तो. मी म्हटलं, "इनिड, तुम्ही? तुम्ही तर बाहेर पडायला मत दिलं होतंत!" म्हणते, "दिलं होतं रे. पण मला मरायच्या आधी दुसरी कुठली तरी बातमी ऐकायची आहे."

खरं लिहायचं ते वेगळंच आहे. मंगळवारी मनोऱ्यात सरावाला जमलो आणि आमची टोळी मोडली.

मी फक्त म्हणालो, शुक्रवारी पाच वाजता सहाही घंटा, ठरल्याप्रमाणे. फिलिपाने दोरी सोडली. म्हणाली, "मी घंटा वाजवायला शिकले ती देवासाठी, लग्नांसाठी आणि गेलेल्या माणसांसाठी. तुझ्या हट्टासाठी नाही."

कीथ उसळला. "हट्ट? लोकांनी कौल दिलाय बाई! तू शनिवारी लंडनला जाऊन नाचून आलीस तो हट्ट नाही?"

"दहा लाख लोक होते तिथे!"

"आणि आम्ही पावणेदोन कोटी!"

देवळाचा मनोरा आहे, कीथ, हळू बोल, असं मीच ओरडून सांगितलं. दाइवा बाकावर बसून होती. ती म्हणाली, "मी वाजवीन. नॉर्मन, तुम्ही सांगाल ते मी नेहमी वाजवते. पण मला एक सांगा. मी माझ्याच जाण्याच्या आनंदात वाजवायचं का?"

मी म्हटलं, "अगं, हे तुझ्याबद्दल नाही."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. तिने दोरी नीट गुंडाळून आकड्याला अडकवली, कोट घातला आणि गेली.

तिच्यामागे फिलिपा गेली. बाकी दोघं शेतकरी भाऊ, ते नेहमीच शेवटच्या माणसाच्या बाजूने असतात, तेही गेले. राहिलो कीथ आणि मी. मला वाटलं, हा तरी आपला. तर तो म्हणतो, "आणि तसंही नॉर्मन, शुक्रवारी वाजवायचं कशासाठी? काही होतंय का शुक्रवारी? दुकानात मला तासाला दहा माणसं विचारतात, बाहेर पडलो का? घंटा ऐकून त्यांना वाटेल पडलो. मग मला दिवसभर उत्तरं देत बसावं लागेल."

'हे तुझ्याबद्दल नाही' हे वाक्य मी तुलाही म्हणालो होतो. मतदानानंतरचा रविवार होता तो, आणि तू भाजलेल्या मांसाची ताटली तशीच सोडून उठली होतीस. त्यानंतर मी आणखी एक वाक्य म्हणालो. ते इथे लिहीत नाही.

उद्या मी एकटाच जाणार.

नॉर्मन


ऑल्डरफेन
रविवार, ३१ मार्च

लिनेट,

जोस्टने सांगितलं, तिला पत्रं पाठवू नका. तेव्हा हे पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही, दोन दिवस लागलेलंही नाही. आज आईचा रविवार, म्हणजे आपला मातृदिन. तुझ्या आईच्या, डोरीनच्या थडग्यावर डॅफोडिल ठेवून आलो आणि तिला तोंड दाखवायची लाज वाटली.

काय झालं ते तुला इनिडकडून, जोस्टकडून कळलं असणार. माझ्याकडून ऐक.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता रेडिओवर निकाल आला. ज्या दिवशी बाहेर पडायचं, त्याच दिवशी करार तिसऱ्यांदा फेटाळला. तीनशे चव्वेचाळीस विरुद्ध दोनशे शहाऐंशी. मी रेडिओ बंद केला, मनोऱ्याची किल्ली घेतली आणि वर चढलो. एकट्याला सहा घंटा वाजवता येत नाहीत. एक येते. मी ठरवलं, आनंदाची वाजवता येत नसेल तर सुतकाची वाजवू. मोठ्या घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याची गादी बांधली. तुला माहीत आहे कसं ते, तूच धरायचीस शिडी. एक ठोका मोकळा आणि एक दबका, कुणी गेल्यावर देतो तसा. म्हटलं, देशाचा शब्द मेलाय, गावाला कळू दे.

किती ठोके द्यायचे? कुणी गेलं की त्याच्या वयाइतके देतो आपण. मग याचं वय किती? एक जानेवारी एकोणीसशे त्र्याहत्तरला आपण त्यांच्यात गेलो. सेहेचाळीस वर्षं झाली आणि अजून दार उघडत नाहीत. दिले सेहेचाळीस. प्रत्येक ठोक्याला एकेका खासदाराला मनातल्या मनात शिवी दिली. खाली आलो तेव्हा घामाने निथळत होतो आणि बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं, लिनेट. मी मूर्ख माणूस आहे.

दार उघडलं तर देवळाच्या आवारात दहा-बारा माणसं उभी. पहिला कीथ. दुकान उघडं टाकून ॲप्रनवर आला होता. त्याने मला मिठी मारली. चाळीस वर्षांत त्या माणसाने माझ्याशी हस्तांदोलनही धड केलेलं नाही. मला वाटलं, पटलं याला माझं म्हणणं. मीही त्याच्या पाठीवर थोपटलं. फिलिपा रडत होती. मला वाटलं, मोर्चा वाया गेला म्हणून.

ती म्हणाली, "नॉर्मन, कधी कळलं तुला?"

"अडीच वाजता. रेडिओवर."

"रेडिओवर?"

"मग आणखी कुठे? तीनशे चव्वेचाळीस विरुद्ध दोनशे शहाऐंशी."

कीथने मिठी सोडली. आता मला चांगलं आठवतंय, फिलिपाचा आवाज एकदम वर्गात असायचा तसा झाला. "तू हे पार्लमेंटासाठी वाजवलंस?"

"सेहेचाळीस वर्षं. मोजलीस ना? त्र्याहत्तर ते..."

"नॉर्मन," ती म्हणाली, "लिनेट किती वर्षांची आहे?"

तू सहा जानेवारी त्र्याहत्तरची. आपण त्यांच्यात गेलो त्याच आठवड्यातली. हॉस्पिटलात नर्स म्हणाली होती, ही पहिली युरोपियन, आणि मी तेव्हा हसलो होतो. गावात माझ्या वयाच्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ आहे. मी घंटा वाजवणारा माणूस. कुणी गेलं की मला सगळ्यांत आधी कळतं, त्यांचं वय मी विचारून घेतो, एक ठोका इकडचा तिकडे होऊ देत नाही. आणि मला हे दोरीला हात घालताना सुचलं नाही.

सगळं गाव मोजत होतं. कीथने सुरा खाली ठेवून मोजले. इनिडने स्वयंपाकघरात बोटांवर मोजले. दाइवा बसमधून उतरून उभी राहिली आणि तिने स्वतःच्या भाषेत मोजले. गावात सेहेचाळीस वर्षांचं आजारी कुणी नाही. थ्रॉसेलने स्वतः वाजवले, कुणाशी न बोलता वर गेला, तीन वर्षं त्याची मुलगी आलेली नाही. सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले.

मी खुलासा करायला लागलो. युरोप म्हणालो, तारीख म्हणालो. कीथ म्हणाला, "गप्प बस, गाढवा." दाइवा थडग्याच्या कडेला बसली होती. तिने तुला कधी पाहिलेलं नाही. तुझी दोरी ओढते एवढाच तिचा तुझ्याशी संबंध. तिचे डोळे लाल झाले होते. ती म्हणाली, "म्हणजे ती जिवंत आहे? देवाचे आभार. नॉर्मन, तुम्ही असं कसं केलंत?"

सहा वाजता फोन वाजला. इनिडने माझी वाट न बघता तू तिला पाठवलेल्या ख्रिसमसच्या कार्डावरचा नंबर फिरवला होता, सांत्वनाला. बोलत होता जोस्ट. एकेक शब्द सावकाश जोडून बोलतो तुझा माणूस, त्यामुळे सगळं नीट ऐकू येतं.

"मिस्टर थ्रॉसेल, आपण कधी बोललेलो नाही. आज एक बाई मला म्हणाली, लिनेट गेली, ऐकून फार वाईट वाटलं. लिनेट शाळेतलं काम संपवून सायकलवर यायची होती. आली नव्हती. मी कोट न घालता रस्त्यावर धावलो. पुलावर गेलो. लोकांना विचारलं, इथे अपघात झाला का? वीस मिनिटं मी धावत होतो. ती भाजीच्या दुकानात फ्लॉवर निवडत होती. लग्नाला पंधरा दिवस आहेत, आणि तुम्ही मला वीस मिनिटं विधुर केलंत."

मी म्हटलं, चूक झाली. मोजण्यात. त्याने विचारलं, कसली मोजणी? मी सांगितलं. मग म्हणाला, "मी तिला विचारलं, तुझा बाप असं का करील? ती म्हणाली, त्याने मला तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, तू मला मेलीस. आता घंटा वाजवली असेल. असं म्हणून ती हसली, मिस्टर थ्रॉसेल. मला ते हसणं आवडलं नाही."

ते वाक्य. मी ते कुणाला सांगितलं नाही आणि मला वाटलं, तू विसरली असशील. रागात माणूस बोलून जातो. मी रागात बोललो आणि राग गेल्यावरही ते परत घेतलं नाही. फोन करू म्हटलं, उद्या करू. ख्रिसमसला करू. मग निळ्या पासपोर्टचं काढलं. मग बाराचं आणि तेराचं. दुसऱ्यांनी तारखा ढकलल्या की माझ्या डोळ्यांत खून चढतो, आणि मी स्वतः तीन वर्षं काय केलं?

बोलू का तिच्याशी, विचारलं. तो आत जाऊन आला. "ती म्हणते, आता पत्र नको. फोन नको. काही सांगायचं असेल तर येऊन सांगा. यायचं नसेल तर तसंही कळेल."

मी रागात म्हणालो होतो, मेलीस. गावाने ते खरं मानून पाच मिनिटं जगून दाखवलं. कीथ रडत होता, लिनेट. कीथ!

बाबा


ऑल्डरफेन
गुरुवार, ४ एप्रिल

लिनेट,

हेही पाठवत नाही.

काल रात्री पुन्हा मत झालं. पुन्हा मुदत मागा म्हणून पंतप्रधानांनाच कायद्याने बांधायचं. तीनशे तेरा विरुद्ध तीनशे बारा. एका मताने. गावात नुसता गोंधळ. कीथ दुकानाबाहेर उभा राहून रस्त्याला शिव्या देत होता. फिलिपा समोरून जाताना म्हणाली, "एक मत म्हणजेही बहुमत, कीथ." त्याने तिला सॉसेजने मारायचं बाकी ठेवलं. मला दोघांनीही विचारलं, तुझं काय म्हणणं, नॉर्मन? मी म्हटलं, माझं म्हणणं काही नाही. दोघंही घाबरली. मला बरं नाही असं वाटलं त्यांना.

दुपारी बसने बोस्टनला गेलो आणि जहाजाचं तिकीट काढलं. खिडकीवरच्या पोरीने पासपोर्ट बघितला. म्हणते, "आजोबा, १२ तारखेला करार न होता बाहेर पडलो, तर यावर तुम्हाला अडवतील, कल्पना आहे ना?" म्हटलं, आहे. "मग आठवडाभर थांबून निर्णय बघून का काढत नाही?"

मी म्हटलं, "पोरी, मी तीन वर्षं तेच करतोय. तू तिकीट फाड."

बाबा


युरोपोर्ट बंदर, पासपोर्टच्या रांगेत
शुक्रवार, १२ एप्रिल, सकाळ

लिनेट,

जहाज लागलं. रांग मोठी आहे, तेव्हा सुटकेसवर कागद ठेवून लिहितोय.

काल पहाटे त्यांनी मुदत वाढवली. ऑक्टोबरच्या एकतीस तारखेपर्यंत. म्हणजे पासपोर्टला आज कुणी हात लावणार नाही. जहाजावर न्याहारीला ग्रिम्सबीचा एक ट्रकवाला शेजारी होता. "ऑक्टोबर! भुताखेतांच्या सणाला! तुमच्या हयातीत होत नाही काका हे, आणि माझ्याही नाही." चार टेबलांवर तेच चाललं होतं. मी राहा म्हणणारा का जा म्हणणारा, त्याने विचारलं. म्हटलं, मी मुलीच्या लग्नाला चाललोय. त्याने स्वतःच्या ताटलीतलं एक अंडं मला दिलं.

हलपर्यंत फिलिपाने गाडीतून सोडलं. मागे कीथ आणि दाइवा. हंबर पुलावर कीथ आणि फिलिपा इतकी भांडली की ती वळण चुकली. कीथने डुकराचं मांस भरलेली पोर्क-पाय दिली आहे, जोस्टला म्हणावं मोहरी लावून खा. दाइवाने गाडीतून उतरल्यावर माझा टाय नीट केला आणि म्हणाली, "आधी तिची माफी मागा. मग पोर्क-पाय द्या. क्रम चुकवू नका." मोत्यांचा सर आतल्या खिशात आहे.

काय बोलायचं ते सकाळपासून घोकतोय. फार नाही, 'माझं चुकलं' एवढंच आहे. आयुष्यात पुढाऱ्यांना लाख वेळा म्हटलं असेन, चूक झाली म्हणा, तोंडाने म्हणा, मेल्यांनो. आता कळतंय, शब्द तोंडापर्यंत येतो आणि तिथेच पाय रोवून बसतो. पण आज त्याला हलवणार. तू ऐकून पाठ फिरवलीस तरी हलवणार. लग्नाला मागच्या बाकावर बसू देशील की नाही ते तुझं तू ठरव, मी भांडणार नाही. ही तीन पत्रं तुझ्या हातात देईन, वाच किंवा फाड.

रांग थोडी सरकली. काचेपलीकडे माणसं उभी आहेत घ्यायला आलेली.

दिसलीस. जोस्ट असावा तो, उंच, हात हलवतोय. तू नाही हलवत. दोन्ही हात कमरेवर, जबडा आवळलेला, तोंड लालबुंद. केस पांढरे झालेत गं तुझे. मी टोपी काढली तरी तू हललीसुद्धा नाहीस. रागावली आहेस. चांगलीच रागावली आहेस.

रागाव, पोरी. हवं तेवढं रागाव. मेलेल्या माणसाला इतका राग येत नाही.

माझा नंबर आला.